रायपुरात कॉम्प्युटर जोडताना

नाशिकहून निघताना माझ्या बॅगेत दोन साड्या, औषधांचा डबा आणि स्वेटरमध्ये गुंडाळलेलं एक ग्राफिक्स कार्ड होतं. कार्ड म्हणजे कॉम्प्युटरच्या पडद्यावर अवघड चित्रं झरझर फिरवणारा भाग. माझ्याच जुन्या मशीनमधून काढलेला, धडधाकट. समोरच्या बर्थवरच्या गृहस्थांनी चौकशी केली आणि सल्ला दिला, ‘‘तयार कॉम्प्युटर मिळतो की हो बाजारात.’’ मिळतो. त्याच पैशात निम्म्या ताकदीचा मिळतो, आणि उद्या एक भाग बिघडला की दुकानदार सगळं खोकंच बदलायला सांगतो. हे त्यांना समजावून सांगेपर्यंत ते घोरायला लागले होते.

हा खटाटोप माझ्या मावसबहिणीसाठी होता. सुनंदा रायपूरला समता कॉलनीत राहते. लोखंडी शेडचे नकाशे काढण्यात तिची वीस वर्षं गेली. ज्या कारखान्यात ती होती त्यांनी नकाशांचा विभागच बंद केला आणि ती घरी बसली. आता रायपूरला लागून असलेल्या उरला औद्योगिक वसाहतीतला एक शेड बांधणारा तिला घरून काम द्यायला तयार होता. अट एकच: सोमवारी दुपारी बारापर्यंत एका शेडचा नकाशा नमुना म्हणून पाठवायचा. तिच्या जुन्या लॅपटॉपवर शेड जरा फिरवली की पडदा गोठायचा. म्हणून नवं मशीन घरीच जोडायचं ठरलं, आणि घराण्यात असं मशीन जोडलेली बाई मी एकटीच.

गुरुवारी सकाळी पोचले. पोहे आणि जिलबी एकाच ताटलीत समोर आली. इकडे ती अशीच खातात, आणि दोन घासांनंतर ते पटतंही. सुनंदाचे यजमान मधुकरराव बँकेतून निवृत्त झालेले, मराठी मंडळाचे खजिनदार. गावात आपल्यावर एकही माणूस नाराज होऊ नये, हा त्यांचा आयुष्यभराचा व्यवसाय. बँक हा जोडधंदा असावा.

मी त्यांच्या हातात यादी दिली. आठ भाग, प्रत्येकाचं नेमकं मॉडेल, एकमेकांशी जुळणारं. ‘‘सगळं एकाच दुकानातून घेऊ,’’ मी म्हटलं आणि आंघोळीला गेले. बाहेर आले तर मधुकरराव कात्रीनं माझ्या यादीचे तीन तुकडे करत होते.

‘‘हे काय?’’

‘‘प्रोसेसर बोकडेंकडून, मदरबोर्ड देशकरांकडून, बाकीचं साहूजींकडून. तिघंही आपलेच आहेत, ताई. एकाकडूनच घेतलं त बाकी दोघाईले वाईट वाटन न.’’

‘‘अहो, हे भाग एकमेकांत बसावे लागतात.’’

‘‘बसतीन न. काहून (का) नाही बसणार?’’

शुक्रवारी सुनंदा मला उरल्याला घेऊन गेली. शेडची मापं आणायची होती. रस्त्यावर ट्रकांची रांग, आणि झाडांच्या पानांवर इतकी धूळ की झाड कशाचं ते विचारावं लागतं. सुनंदा स्कूटी चालवता चालवता कुठल्या शेडचे नकाशे तिचे आहेत ते दाखवत होती. ऑफिसातल्या माणसानं कागद दिले आणि हसत म्हणाला, ‘‘मैडम, घर के काम के बीच में हो जाएगा ना?’’ सुनंदानं कागदाची घडी घातली आणि म्हणाली, ‘‘सोमवारी बघा.’’ परतीच्या वाटेवर तिनं एकही शेड दाखवली नाही.

आम्ही घरी आलो तेव्हा मधुकररावांनी खरेदी उरकली होती. तीन ठिकाणी चहाही झाला होता.

शनिवारी सकाळी खोकी उघडली. प्रोसेसर हा कॉम्प्युटरचा मेंदू, आणि मदरबोर्डवर त्याच्यासाठी एक ठराविक चौकट असते. बोकडेंकडे यादीतला प्रोसेसर नव्हता, म्हणून त्यांनी प्रेमानं पुढच्या पिढीचा दिला, ‘याच्याहून भारी’. देशकरांकडे यादीतला बोर्ड नव्हता, म्हणून त्यांनी प्रेमानं मागच्या पिढीचा दिला, ‘हा कधी खराब होत नाही’. आजोबांच्या चौकटीत नातू काही बसेना. साहूजींनी दिलेली रॅमची पट्टी जुनी आणि कॅबिनेट म्हणजे पेटी चिमुकली. त्या पेटीत वीजपुरवठ्याचा डबा फुकट. तो डबा उचलून पाहिला तर रिकाम्या टिफिनइतका हलका. प्रत्येकाला आपापला चिटोरा मिळाला होता. दुसऱ्यानं काय दिलंय ते एकालाही माहीत नव्हतं.

दुपारी मी मधुकररावांना घेऊन सदर बाजार गाठला. सोनारांच्या दुकानांसमोर उभ्या केलेल्या दुचाकींतून वाट काढत एका बोळात बोकडेंचं दुकान. माणूस लाघवी. आधी लस्सी मागवली.

‘‘हा प्रोसेसर बदलून द्या,’’ मी म्हटलं.

‘‘देतो न. पण मग लोक म्हणतीन, बोकड्यानं चुकीचा माल देल्ला. माल त बरोबर आहे. बोर्ड बदलवा.’’

देशकरांचं दुकान चार पावलांवर. त्यांनी चहा मागवला. ‘‘बोर्ड एक नंबर आहे, ताई. प्रोसेसर बदलवा.’’

या सगळ्या वेळात मधुकरराव रस्त्यापलीकडच्या साडीच्या दुकानाची पाटी वाचत होते. पाटीवर तीन शब्द होते.

घरी येऊन मी सुनंदाला सांगितलं, ‘‘हे सगळं राहू दे. उद्या अनोळखी दुकानात जाऊ, नवं घेऊ.’’

‘‘उद्या रविवार आहे, ताई. अनोळखी दुकानं बंद राहतात. ओळखीचीच उघडतात.’’ असं म्हणून तिनं तीन फोन केले आणि तिघांनाही सकाळी दहा वाजता फरा (तांदळाच्या पिठाचे वाफवलेले मुटके) खायला बोलावलं.

रविवारी तिघंही वेळेवर आले. या घरात पाहुणा टेकला की पाच मिनिटांत बशी हातात येते. त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं होतं आणि त्यावर सगळे उघडे भाग. फऱ्याचा वास स्वयंपाकघरातून येत होता, फरा येत नव्हता.

‘‘कोणाची चूक आहे ते मले नाही माहीत,’’ सुनंदा म्हणाली. ‘‘उद्या बाराले माझा नकाशा गेला नाही त पुढच्या चतुर्थीले मंडळात आरती झाल्यावर मी माईकवर तिघांचीही नावं सांगीन. गेला तरी सांगीन. काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. फरा मशीन चालू झाल्यावर.’’

मधुकररावांच्या चेहऱ्याचं मी वर्णन करणार नाही. त्यांना वाईट वाटेल.

बोकडे, देशकर आणि साहूजी हे तिघं बहुधा पहिल्यांदाच एकमेकांचा माल बघत होते. एकेक भाग उलटसुलट करून झाला. मग देशकर म्हणाले, ‘‘नवा बोर्ड आहे एक माझ्याकडं. ठेवलाच होता.’’ बोर्ड नवा, तर रॅमही नवी हवी. साहूजी मान डोलावत ‘‘हव (हो), भाभी’’ म्हणाले आणि देशकरांच्याच स्कूटरवर मागे बसून गेले. तासाभरात प्रोसेसर चौकटीत कसलाही जोर न लावता बसला. रॅमची खाच खाचेत बसली. राहिलं माझं कार्ड.

ते पेटीत जाईना. मी आडवं धरलं, तिरकं धरलं.

‘‘दोन बोटं लांब आहे, ताई,’’ मधुकरराव हळूच म्हणाले. ‘‘मी कालच मोजलं.’’

‘‘मग बोलला का नाहीत?’’

‘‘तुम्ही एवढ्या दुरून आणलं न.’’

‘‘कार्डात काही खोट नाही,’’ मी म्हणाले. ‘‘पेटी बदला.’’

बोकडे माझ्याकडे बघून मनापासून हसले. आदल्या दिवशी त्यांच्या दुकानात मी जे ऐकून संतापले होते, तेच वाक्य मी त्यांना परत दिलं होतं. आणि खरं सांगायचं तर माझ्या कार्डात खोट काढल्याचं मला वाईटही वाटलं होतं. साहूजी मोठी पेटी आणि हाताला वजन लागणारा वीजपुरवठ्याचा डबा घेऊन आले. दीड वाजता पडदा उजळला. सुनंदानं शेड उघडली, माउस हातात धरून ती गरगर फिरवली. शेड कुठेही अडकली नाही. फरा गार झाला होता. सगळ्यांनी दोनदा घेतला.

सोमवारी सकाळी माझी गाडी. निघताना पाहुण्याला सोडायला सगळं घर स्टेशनवर जातं, ही तिकडची रीत. मी सुनंदाच्या खोलीचं दार ढकललं तर आतून कडी.

‘‘जाय तू ताई,’’ आतून आवाज आला. ‘‘मी काम करून राहिली.’’

स्टेशनवर मधुकरराव तीनदा म्हणाले, ‘‘मनावर नका घेऊ.’’ मी त्यांना एवढंच सांगितलं की ते तिघं आता रोज ‘चालू आहे न?’ विचारायला येतील, त्यांना तुम्ही बाहेरच्या ओट्यावरच चहा पाजा. त्या कामासाठी त्यांच्याइतका लायक माणूस छत्तीसगडात सापडणार नाही.

माझं मत काही बदललेलं नाही. आठही भाग एका दुकानातून घ्यावेत, पक्कं बिल घ्यावं आणि दुकानदाराचं नावसुद्धा आपल्याला ठाऊक नसावं. पण रविवारी दुकान उघडून बोर्ड बदलून देणारा माणूस मला नाशकात अजून भेटलेला नाही, हेही लिहून ठेवायला हवं.

गोंदिया सोडल्यावर फोन वाजला. सुनंदाचा निरोप होता. नकाशा पावणेबाराला गेला, आणि उरल्याच्या त्या माणसानं दुसऱ्या शेडची मापं पाठवली. खाली आणखी एक ओळ होती: ‘मी सोडायला आली नाही, तुले वाईट वाटलं काय?’

मी लिहिलं, ‘वाटलं. काम कर.’