दुसऱ्याच्या आडनावाचं कार्ड

"अहो, गोत्र विचारलं मी. मीटरचं रीडिंग नाही."

सदाशिव पेठेतल्या एका फ्लॅटच्या दारात मी उभा. आतले निवृत्त गृहस्थ माझ्या गळ्यातलं कार्ड दोन बोटांत धरून वाचत होते. कार्डावर फोटो माझा, आडनाव जोशी. मागच्या खेपेला त्यांनीच पाणी दिलं होतं. कुठले जोशी, विचारलं होतं. वर्ध्याकडचे म्हणालो आणि सुटलो. या खेपेला विजेचं बिल जास्त आलं म्हणून चिडले होते. गोत्र मला सांगता आलं नाही. खोटंसुद्धा सुचलं नाही.

"मग खरं आडनाव सांगा."

सांगितलं. त्यांनी कार्ड सोडलं, बोटं पंचाला पुसली.

"जिन्यात थांबा आपण. कंपनीला फोन करतो."

मला 'आपण' म्हणाले. पुण्यात अपमानसुद्धा आदरानं होतो. समोरच्या बाईंनी जाळीच्या दाराला आतून कडी घातली. कंपनीची माणसं येईपर्यंत मी तिथंच भिंतीला टेकून उभा होतो. लाज वाटत होती, आणि लाज का वाटावी याचा रागही येत होता.

कार्ड मी बनवलं नव्हतं. मीटर वाचायचं काम तेव्हा नुकतंच ठेक्यावर गेलेलं. या घरांतली मुलं कॉम्प्युटर शिकून अमेरिकेला चालली होती. आम्ही विदर्भातले त्यांच्या जिन्याखाली टॉर्च घेऊन वाकत होतो. जोशी नावाचा एक जण काम सोडून गेला, तर ठेकेदारानं त्याच्याच कार्डावर माझा फोटो चिकटवला. नवं कार्ड म्हणजे पोलिसांचा दाखला, साहेबाची सही. एवढं कोण करतो? आमच्यातल्या बहुतेकांची कार्डं अशीच होती.

"पेठेत हे आडनाव बरं पडतं. दार लवकर उघडतं," ठेकेदार म्हणाला होता. तेव्हाच राग यायला हवा होता. आला नाही. पोट होतं.

कंपनीच्या ऑफिसात साहेबानं कलम वाचून दाखवलं. दुसऱ्याच्या नावानं, कंपनीचा माणूस म्हणून घरात शिरणं गुन्हा. चौकशीत खोटा जबाब देणं, तोही गुन्हा. दोन्हीला तुरुंग. ठेकेदार खुर्चीत बसून चहा पीत होता. मी उभा. मग त्यानं मला बाहेर व्हरांड्यात नेलं.

"कार्ड तूच बनवलंस, असं लिहून दे. साहेबांना मी सांभाळतो. शहराबाहेर, मांजरी गावात काम देतो तुला. नव्या सोसायट्या आहेत, तिथं गोत्र कोणी विचारत नाही."

"ते खोटं हाये नं, भाऊ."

"आणि खरं सांगून तुझं ऐकणार कोण?"

मी फार थकलो होतो. सही करावी आणि घरी जाऊन पडावं, एवढंच वाटत होतं. पण मग कळलं. दाराशी माझं आडनाव यांना चालत नव्हतं. जबाबाखाली मात्र तेच हवं होतं. गुन्हेगार म्हणून मी माझ्या नावानिशी चालत होतो.

आत गेलो. साहेबाला म्हणालो, "कार्ड या ठेकेदारांनी दिलं. तसंच लिहा." साहेबानं पेन खाली ठेवलं.

काम गेलं. खटला माझ्या एकट्यावर आहे. ठेका त्याचाच चालू आहे. वकील म्हणतात, चूक झाली म्हणा आणि मोकळे व्हा. एवढ्यात नाही, पण म्हणेन, चूक झाली. तिची शिक्षा भोगीन. पण ते कार्ड माझ्या गळ्यात घालणारा आरोपीच्या पिंजऱ्यात माझ्या शेजारी उभा राहत नाही, तोवर मी प्रत्येक तारखेला कोर्टात येणार आहे आणि दर वेळी त्याचं नाव घेणार आहे.