बंडूचं सुतक

“म्याडम, कात्री ठेवा खाली. आई नाय म्हणतीय.”

अशोकने एका हाताने मोबाईल माझ्यासमोर धरला होता आणि दुसऱ्या हाताने कुत्र्याचं डोकं. टेबलावर बंडू होता. तपकिरी, लांब केसांचा, वयानं आजोबा. माझं क्लिनिक क्रांती चौकाजवळच्या एका गल्लीत आहे. बाहेर हॉर्नचा कल्ला चालू होता. फोन स्पीकरवर असूनही मला पुन्हा विचारावं लागलं, नेमकं काय नाही म्हणताय?

“केस कापू नका,” पलीकडून बाईंचा आवाज आला. “दहावा होऊ द्या, मग कापा. घरात सुतक हाय.”

मी जनावरांची डॉक्टर आहे. केस कापू न देण्याची कारणं मी नाना तऱ्हेची ऐकली आहेत. वाढदिवसाचे फोटो काढायचेत, शेजारी हसतील, मुलगी रडेल. सुतक पहिल्यांदाच ऐकलं.

बंडूच्या कमरेवर जे झालं होतं त्याला आम्ही हॉट स्पॉट म्हणतो. कातडीवरचा ओला, लालभडक चट्टा, हात लावला तर गरम लागतो. पिसू किंवा गोचीड चावते, नाहीतर केस ओले राहून खाज सुटते. कुत्रा तिथं चाटतो, कुरतडतो. चाटल्यानं आणखी ओलं होतं, म्हणून आणखी खाजतं. सकाळी रुपयाएवढा दिसलेला चट्टा संध्याकाळी तळहाताएवढा होतो. भोवतीचे केस पू आणि लाळेनं चिकटतात आणि त्याचं झाकण बनतं. आत सगळं सडत राहतं. उपचार अगदी सोपा आहे. केस कातडीपर्यंत कापायचे, जखम जंतुनाशकानं धुवायची, कोरडी करायची, मलम लावायचं, गोळ्या द्यायच्या. जीभ पोचू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकची कॉलर घालायची. थोड्याच दिवसांत कुत्रा विसरूनही जातो. पण केस तसेच ठेवले तर औषध केसांना लागतं, कातडीला नाही.

हे सगळं मी फोनवर सांगितलं.

अशोक गंगापूरकडच्या एका गावचा, नोकरी वाळूजच्या कंपनीत. त्याच आठवड्यात त्याचे वडील उसाला पाणी देताना बांधावर बसले, ते उठलेच नाहीत. अग्नी थोरल्या भावानं दिलेला, त्याला घर सोडता येत नव्हतं. म्हणून कुत्र्याला टेम्पोत घालून हा धाकटा आला होता. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले.

“बंडू आबांचा,” तो म्हणाला. “आबा बैलांना खरारा करायचे, मंग त्याच ब्रशनं ह्याला. पावसात भिजला की पोत्यानं पुसायचे. आबांना शेवटची आंघोळ अंगणात घातली ना, तिथंच वल्यात जाऊन बसला. उठंनाच. वरून पाऊस. कुणाचं ध्यान असणार?”

कुणाचंच नसणार. कुत्र्याला खाज आहे का, हे मेलेल्या माणसाच्या घरात कोण बघतं?

“बाई,” फोनमधून काकू बोलल्या, “माझ्या दोन्ही पोरांच्या डोक्याला अजून वस्तरा लागला नाय. बंडू तिसरा. ह्यांनी त्याला कधी कुत्रा म्हणू दिलं नाय कुणाला. सुतक फिटायच्या आधी त्याचे केस काढले, तर ह्यांना काय वाटंल?”

मी फटकळ बाई. एरवी फाडकन म्हणाले असते, की काकू, कुत्र्याला कसलं आलंय सुतक! पण शब्द तोंडातच राहिला. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे. त्या बाईनं सगळ्या भावकीसमोर कुत्र्याला पोरांच्या रांगेत बसवलं होतं. तिच्याजवळ याहून मोठा मान द्यायला नव्हता. चूक होती, पण अशी चूक करायलाही माया लागते, आणि मला त्या बाईचं फार वाईट वाटलं.

कितीही सांगितलं तरी काकू बधल्या नाहीत. शेवटी मी केसांवरूनच जमेल तेवढं धुतलं, इंजेक्शन दिलं, कॉलर घातली.

“कॉलर काढायची नाही. आणि वास यायला लागला की लगेच फोन कर.”

“व्हय म्याडम.”

फोन आला तो वासाचाच. टेम्पो मिळेना म्हणाला. रविवार होता, मीच गाडी काढली.

घरात चूल बंद होती, भाकरी शेजारून यायची. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. बंडू ओसरीवर पडलेला, गळ्यात कॉलर नाही.

“कॉलर?”

“त्याला तिच्यात तोंड खुपसून खाता येईना,” काकू म्हणाल्या. “म्याच काढली. तरीबी खाल्लं नायच.”

मी चिमट्यानं कमरेवरचे केस उचलले. मग म्हणाले, “काकू, जरा इकडं या.”

त्या आल्या, वाकून बघितलं. पावसाळ्यात जखमेवर माशी बसते, अंडी घालते. चिकटलेल्या केसांखाली आळ्या वळवळत होत्या, कमरेपासून पार मणक्यापर्यंत.

“जित्या जिवाला?” काकूंनी विचारलं. आवाज अगदी बारीक.

“हो.”

“द्या ती कात्री.”

मी दिली. केसांचा पहिला झुबका त्यांनी कापला आणि कुणाकडंही न बघता म्हणाल्या, “अहो, पोरांच्या आधी ह्याचे काढते बरं का. राग धरू नका.” मग कात्री माझ्या हातात देऊन बंडूचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या.

पुढचं काम माझं. केस काढले, एकेक आळी चिमट्यानं वेचली, जखम धुतली. एवढं करताना एखादा धडधाकट कुत्रा मला चावला असता. बंडूनं मानसुद्धा हलवली नाही.

त्याला गाडीत घालून क्लिनिकला आणलं, सलाईन लावलं. पण जखमेचं विष रक्तात गेलं होतं. दहाव्याच्या आदल्या दिवशी दुपारी तो गेला. मी रडले. एवढ्या वर्षांत सवय व्हायला हवी होती, झालेली नाही. अशोक येऊन त्याला घेऊन गेला. आबा जिथं बसले होते, त्याच बांधाला पुरलं म्हणाला.

तेरावं झाल्यावर काकूंचा फोन आला.

“बाई, खरं सांगा. पहिल्याच दिवशी केस कापले असते, तर वाचला असता का?”

तो म्हातारा होता. त्यानं खाणं सोडलं होतं. मालक गेल्यावर कुत्री झुरतात. हे सगळं खरं होतं आणि सांगून टाकलं असतं तर मी सुटले असते. पण तिनं खरं सांगा म्हटलं होतं.

“हो काकू. वाचला असता.”



“बरं केलं सांगितलं,” त्या म्हणाल्या. “इथं ज्यो त्यो म्हणतो, मालकामागं गेला. लई गोड वाटतं ऐकायला. पण त्यो गेला नाय, म्या घालवला.”

“असं नका म्हणू, काकू.”

“राहू द्या, बाई.”

पुढच्या पावसाळ्यात त्याच गावचा एक माणूस कुत्रा घेऊन आला. दाढी वाढलेली. आई वारली म्हणाला. कुत्र्याच्या मांडीवर हॉट स्पॉट होता, लहानसा आणि कोरडा. भोवतीचे केस वेडेवाकडे, पण पार कातडीपर्यंत कापलेले.

“कुणी कापले?”

“अशोकच्या आईनं. सुतक हाय म्हणून आमी थांबलो व्हतो. काकू कात्री घिऊनच दारात आली. भावकी लई बोलली तिला. म्हणली, पाप लागलं तर मला लागंल, तुमी फकस्त कुत्रं धरा.”

मला करण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. मलम दिलं, कॉलर दिली, भिजला की लगेच पुसायचा आणि रोज खरारा करायचा, असं बजावलं. हॉट स्पॉटनं कुत्रा मरायचं काही कारण नसतं. केस वेळेवर कापावे लागतात, एवढंच.