उभ्यानं तूर कापायचं अवजार

ते प्रकरण माझ्या मनातून अजून गेलेलं नाही. बाळांनो, आजीने किती खुनी पकडले, असं तुम्ही फोनवर विचारता. यात खून नव्हता. नावं कुणाचीच सांगणार नाही.

तेव्हा मी लातूर जिल्ह्यातल्या एका ठाण्याची प्रभारी होते. देगलूरच्या एका अवजार दुकानदाराचा फोन आला. "मॅडम, तुमच्याकडच्या वेल्डरचं यंत्र इथं दुसऱ्याच्या नावानं विकायलेत. मी व्हिडिओत पाहिलेलं हाय, त्याचंच हाय."

मी वेल्डरला बोलावलं. तो बायकोला घेऊन आला. न वाकता तूर कापायचं अवजार त्याने दोन वर्षं खपून बनवलं होतं. पेटंट काढून देतो म्हणत नांदेडच्या एका एजंटाने नमुना नेला आणि अर्ज स्वतःच्या नावावर भरला. जोडलेल्या संमतिपत्रावर वेल्डरची झोकदार इंग्रजी सही होती. हा माणूस मराठीत सही करायचा, तीही थांबत थांबत.

एजंटाला आणलं. कपडे इस्त्रीचे, बोलणं त्याहून इस्त्रीचं.

"कल्पना माझीच, मॅडम. तो नुसता वेल्डिंगवाला."

मी अवजार टेबलावर ठेवलं. "दांडा डावीकडे का वाकवलाय?"

"पकड चांगली बसते."

"धरून दाखवा."

उजव्या हातात ते फिरायला लागलं. मी वेल्डरच्या बायकोला आत घेतलं. हाड वाकडं जुळल्याने तिचं उजवं मनगट वळत नसे. तिने डाव्या हाताने उचललं, बरोबर बसलं.

"माझ्यासाठी वाकवलाय त्यो," ती एजंटाला म्हणाली. "तुझ्या बायकूचा बी हात मोडलाय का रे?"

हवालदार हसले. एजंटाने पाणी मागितलं, आणि तासाभरात कबुली दिली. फसवणूक आणि बनावट दस्तऐवजाचं दोषारोपपत्र गेलं.

वेल्डर पेढे घेऊन आला. "आता माझ्या नावावर व्हईल ना?"

मी ओळखीच्या पेटंट वकिलांना फोन लावला. त्यांनी एकच विचारलं: अर्जाआधी हे कुणाला दाखवलं होतं का?

"दाखवलं की!" तो खुशीत म्हणाला. "येळवसाला, अमावशेच्या सणाला, सगळं गाव शेतात जेवायला होतं. भज्जी, आंबील झाली, मग सगळ्यांपुढं तूर कापली. पाव्हण्यांनी मोबाइलवर टाकलं बी."

तोच व्हिडिओ देगलूरला पोचला होता. पण उघड दाखवलेली वस्तू कायद्याने नवी राहत नाही. आता पेटंट ना एजंटाला मिळणार होतं, ना याला. ते अवजार कुणीही बनवावं.

"म्हंजे चोर बी सापडला अन् चीज बी गेली?" त्याच्या बायकोने विचारलं.

त्याने पेढ्यांचा पुडा बंद केला. मग म्हणाला, "मॅडम, जेवायला बोलावलेल्या माणसापासून काय लपवायचं?"

नोकरीभर मी लोकांना विश्वास कमी ठेवा म्हणून सांगत आले. त्या दिवशी ते तोंडातून निघेना. तुम्ही काही नवं घडवलंत, तर आधी अर्ज भरा, मग दाखवा. हे बरोबरच आहे, पण लिहिताना बरं वाटत नाही.

पुढच्या येळवसाला त्याने मलाही बोलावलं. आग्रहाने वाढलं. बांधाजवळ गोणपाटाखाली काहीतरी झाकलेलं होतं. पाहुण्यांनी विचारलं, तर म्हणाला, "काही न्हाई, भंगार हाय."