देवीचा दाखला

झुंबरबाईच्या तोंडावर देवीचे वण होते. ती नऊ वर्षांची असताना घरात देवी आली, आईला घेऊन गेली, झुंबरला पंधरा दिवस तापात भाजून काढलं आणि तोंडावर खुणा ठेवून सोडून दिलं. पाळण्यातल्या रामहरीला मात्र ती शिवलीसुद्धा नाही. त्या दिवसापासून रामहरीला झुंबरनंच वाढवलं. लग्न होऊन कळसला सासरी आली तीही भावाला कडेवर घेऊनच. सासूनं दारातच विचारलं होतं, "हे आंदणात आलंय व्हय?"

दर आषाढात ती देवीला दहीभात आणि कडुनिंबाचा डहाळा नेई. मागणं एकच असे. मला गाठलंस तेवढं बास, माझ्या भावाला शिवू नको.

हा भाऊ विसाव्या वर्षी पलटणीत भरती झाला. लढाईच्या धामधुमीत पलटण सिलोनला गेली. लढाई संपली, बाकीचे आले, रामहरी तिकडंच राहिला. तलैमन्नारच्या धक्क्यावर बोटीच्या मालाचं काम त्याला मिळालं. तिकडचीच एक तमिळ मुलगी त्यानं केली. वर्षातून दोन पत्रं येत. एकोणीसशे पंचावन्नच्या दिवाळीत आलेल्या पत्रात त्यानं लिहिलं होतं:

"आक्का, तेरा वर्षं झाली. माझा इथला राहण्याचा कागद अजून झालेला नाही. तो होण्याआधी देश सोडला तर पुन्हा आत घेतील याचा भरवसा नाही. तेव्हा तूच ये. दाजींना घेऊन ये. खर्चाला भिऊ नको. कोलंबो, कँडीकडं साहेबलोक फिरायला जातात, त्यांची हाटेलं आपल्याला नकोत. बोटीतून उतरलं की माझं घर चार मैलांवर. कोळ्यांची वस्ती आहे. झावळ्यांचं छप्पर, दारात समुद्र, जेवणखाण घरचं. पैसे लागतील ते येण्याजाण्याचेच."

पत्र दत्तोबा गुरुजींनी वाचून दाखवलं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून गावाचे सगळे कागद तेच लिहीत. त्यांच्याकडं रेल्वेचं एक जुनं टाइमटेबल होतं. स्वतः ते पुण्याच्या पुढं कधी गेले नव्हते, पण टाइमटेबलात ते रोज कुठं ना कुठं जाऊन येत. त्यांनी लगेच बोट ठेवत ठेवत सांगितलं, "सणसरवरून एस्टीनं बारामती. बारामतीहून छोटी गाडी, दौंड. दौंडला मद्रासची मेल. मद्रासहून धनुष्कोडी. तिथून बोट. दोन-अडीच तासांत लंका."

"दोन तासांत?" झुंबरबाईचा नवरा कुंडलिक म्हणाला. "मग मारुतीनं एवढी उडी कशाला मारली?"

"त्याच्याकडं पासपोर्ट नव्हता," गुरुजी म्हणाले.

बेत ठरला. थर्ड क्लासनं जायचं. बरोबर दशम्या, शेंगांची चटणी, गूळ घ्यायचा, वाटेत खानावळीत पाय ठेवायचा नाही. मद्रासला स्टेशनवरच बसून राहायचं, रामेश्वरला धर्मशाळेत उतरायचं. दोन वर्षांच्या मेथी-कोथिंबिरीचे पैसे झुंबरबाईनं बाजूला ठेवले होते, त्यात भागत होतं. शेत थोरला मुलगा बघणार होता.

गावात बातमी फुटल्यावर शेजारची प्रयागबाई कुंपणाशी येऊन उभी राहिली. ती एकदा रामेश्वरला जाऊन आली होती आणि त्या एका यात्रेवर आजवर मान राखून होती.

"लंकेला निघालीस म्हनं. सीतेचं काय झालं तितं, ठावं हाय न्हवं?"

"सीतेला उचलून नेली व्हती," झुंबरबाई म्हणाली. "मी तिकीट काढून चाललेय."

पासपोर्टाचा फॉर्म भरायच्या दिवशी गुरुजी एकेक रकाना वाचत होते आणि कुंडलिक ओसरीवर बसून उत्तरं देत होता. झुंबरबाई आत चुलीपाशी होती.

"दोघांच्या देवी झाल्यात ना?" गुरुजींनी विचारलं.

"माझ्या ल्हानपनीच. आन् हिच्याबी कवाच झाल्यात. तोंड बघा की तिचं."

गुरुजींनी दोन्हीकडं 'झाल्या' असं टिपून ठेवलं आणि पुढं गेले. काढलेल्या देवी वेगळ्या आणि आलेल्या देवी वेगळ्या, हे त्या घाईत कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

पासपोर्ट आला. मग मुंबईहून व्हिसा आला. मार्चच्या एकतीस तारखेच्या आत उतरायचं आणि उतरल्यापासून एक महिना राहायचं. झुंबरबाई तो कागद देवापुढं ठेवून रोज हात जोडी. आणि फेब्रुवारीच्या शेवटी रामहरीचं कार्ड आलं, "देवी काढल्याचा डॉक्टरचा दाखला दोघांचा हवा. त्याशिवाय धनुष्कोडीच्या अलीकडं मंडपमला अडवतात, बोटीवर चढू देत नाहीत."

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. "बाई, तुम्हाला सुई टोचून देवी कधी काढल्या होत्या?"

"टोचून?" झुंबरबाई म्हणाली. "मला टोचायची काय गरज? ती सोता येऊन गेली."

"मग दाखला नवा काढावा लागेल. टोचून घ्यावं लागेल."

झुंबरबाई आत जाऊन पाटावर बसली.

गावात देवीडॉक्टर येई तेव्हा तिनं स्वतःची मुलं त्याच्यापुढं निमूट उभी केली होती. पोरांची गोष्ट वेगळी. पण तिच्या अंगावरून देवी स्वतः गेली होती. ती गेल्यावर बत्तीस वर्षांनी सुई लावून घ्यायची म्हणजे तुझा विश्वास नाही असं तिला तोंडावर सांगायचं. प्रयागबाईनं तर बोलूनच दाखवलं, "पाव्हनी जेवून समाधानानं गेली, आन् तू मागनं दाराला कुत्रं बांधतीस."

आणि चिडलीच देवी, तर राग काढणार कुणावर? झुंबरबाईवर काढून झालेला होता. राहिला होता तो रामहरी. इतकी वर्षं ज्याच्यासाठी दहीभात नेला, त्याच्याच दारात आपण तिला चिडवून, पाठीशी घेऊन जायचं की काय? दोन दिवस ती याच विचारात होती. देवळात जाऊन बसली, पण उठली तेव्हा बसताना होती तशीच होती.

तिसऱ्या दिवशी ती गुरुजींकडं गेली आणि म्हणाली, "त्याला लिवा, आक्काला जमत न्हाय."

गुरुजींनी कारण विचारलं. तिनं अडखळत सांगितलं. गुरुजी हसले नाहीत, म्हणून तिला पुढचंही सांगता आलं.

"बाई," गुरुजी म्हणाले, "रामहरी पलटणीत होता. पलटणीत टोचल्याशिवाय बूटसुद्धा देत नाहीत. त्याच्या देवी केव्हाच काढून झाल्या. तिला राग यायचा असता तर आला असता."

तेरा वर्षं झुंबरबाई ज्याला सुईपासून आणि देवीपासून मनानं झाकून बसली होती, त्याला कुणा परक्या माणसानं रांगेत उभं करून टोचलं होतं, आणि तो धडधाकट होता, कार्डं लिहीत होता.

"खरं म्हंता?"

"कार्ड टाकून विचारू का?"

"नको," ती म्हणाली. "दिस जातील."

मार्चच्या चार तारखेला दोघं बारामतीच्या दवाखान्यात गेली. कुंडलिकच्या दंडावर लहानपणच्या खुणा होत्या. डॉक्टरांनी पुन्हा टोचलं आणि हातोहात दाखला दिला. झुंबरबाईला विचारलं, "आधी काढल्या होत्या?"

"न्हाय," ती म्हणाली. खोटं कशाला बोलायचं.

डॉक्टरांनी 'पहिली वेळ' लिहिलं आणि दंडावर चक्रीची सुई फिरवली. तिनं डोळे मिटून घेतले होते. "पहिल्या वेळेला फोड उठलेला दिसावा लागतो," ते म्हणाले. "आठव्या दिवशी दाखवायला या. उठला की दाखला."

आठ दिवस तिचं लक्ष कामात नव्हतं. मेथीच्या जुड्या बांधताना ती मधेच चोळीची बाही वर सरकवी. सून हसायची, मग हसायची थांबली. दंडावर नुसता ओरखडा होता, तोही सुकत चालला होता. आठव्या दिवशी डॉक्टरांनी मान हलवली आणि दुसऱ्या दंडावर सुई फिरवली. आता पुन्हा दाखवायची तारीख वीस. व्हिसाचे दिवस राहणार अकरा, त्यातले पाच प्रवासाचे.

या दुसऱ्या खेपेला एक चमत्कारिक गोष्ट झाली. सगळा जन्म येऊ नको म्हणून जिला विनवलं, तिलाच झुंबरबाई आता ये म्हणून विनवू लागली. अंघोळ करून, ओल्या केसांनी, दंडापुढं हात जोडल्यासारखी उभी राही. आई, लई न्हाय मागत. ज्वारीच्या दाण्याएवढी ये. हितंच ये, दंडावर, आन् हितनंच माघारी जा. असं म्हणतानाही तिला धास्ती वाटे, कारण बोलावल्यावर ती दाण्याएवढीच येईल हे कुणी सांगावं? कुंडलिकला तिनं यातलं काही कळू दिलं नाही. तो वळकटी बांधत होता, सोडत होता, पुन्हा बांधत होता.

वीस तारखेला दुसराही दंड कोरडा होता. गुरुजी बरोबर आले होते.

"आता उठायचा नाही," डॉक्टर म्हणाले. "बाईंना खरी देवी येऊन गेली आहे. अशा अंगाला शंभर वेळा टोचलं तरी फोड येत नाही. पण फोड न बघता पहिल्या वेळेचा दाखला मी कसा देऊ?"

"म्हंजी ज्याला ती कवाच आली न्हाय त्याला जाऊ देत्यात," कुंडलिक म्हणाला, "आन् जिला येऊन गेली तिला अडवत्यात? हे कुनाचं डोस्कं म्हनायचं?"

"माझं नाही," डॉक्टर म्हणाले. "छापलेलं असंच आहे."

झुंबरबाई गुरुजींकडं वळली. "काय छापलंय त्यावर? वाचा बरं."

"दोन ओळी आहेत. 'पहिली वेळ' आणि 'पुन्हा'. एक ठेवायची, एक खोडायची."

तिनं थोडा विचार केला. मग पदर सारखा करून डॉक्टरांपुढं उभी राहिली. अशा माणसापुढं एवढं बोलायची तिची ही पहिलीच वेळ.

"डाक्टरसायब, चूक माझी. तुमी इचारलं तवा मी न्हाय म्हनले. पर माझी पैली येळ बत्तीस वर्सामागंच झाली. ती तुमच्यावानी मान्सानं केली न्हाय, तिची तिनं केली. तिच्या हातात सुई नव्हती, एवढाच काय तो फरक. तवा ही दुसरी येळ. दुसरीचंच लिवा."

डॉक्टरांनी तिच्या तोंडावरचे वण नीट पाहिले. मग त्यांनी टाक उचलला, वरची ओळ खोडली आणि खाली बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं. "लहानपणी देवी आल्याच्या खुणा चेहऱ्यावर स्पष्ट आहेत, असं लिहिलंय," ते म्हणाले. "हे खरं आहे, म्हणून लिहिलं. मंडपमचा डॉक्टर मानेल की नाही, मी सांगू शकत नाही."

तेवढ्या कागदावर दोघं निघाली. दौंड, सोलापूर, रायचूर. झुंबरबाई खिडकीशी बसून होती, पण तिला बाहेरचं काही दिसलं नाही. स्टेशन आलं की ती चोळीत हात घालून कागद चाचपी. मद्रासच्या स्टेशनवर चौथ्या दिवशीची दशमी कुंडलिकनं मोडली तेव्हा ती म्हणाली, "अडवलं तर तुमी जा. त्याला बघून या."

"आन् त्यानं इचारलं आक्का कुठं, तर काय सांगू? पडशीत हाय म्हनू?"

मंडपमला सगळ्यांना उतरवून एका लांबलचक छपरीत नेलं. कुंडलिक लगेच पुढं गेला. झुंबरबाईचा कागद एका तरुण डॉक्टरानं वाचला, तिचे दोन्ही दंड पाहिले, काहीतरी बोलला आणि तिला भिंतीकडं उभं राहायची खूण केली. तिला त्याची भाषा कळत नव्हती, भिंत कळली. तिथं आणखी सहा-सात माणसं होती, त्यांच्याकडं अंथरुणं होती. ती माणसं इथं आठवडाभर राहायच्या तयारीनंच बसली होती. बाहेर गाडीनं शिटी दिली. कुंडलिक पलीकडच्या दारात दोन्ही पडशा खांद्यावर घेऊन उभा होता, जात नव्हता आणि येऊ देत नव्हते.

मग एक म्हातारे डॉक्टर आले. त्यांनी कागद वाचला. खालची बारीक ओळ दोनदा वाचली. पुढं येऊन दोन बोटांनी तिची हनुवटी उचलली आणि तोंड खिडकीच्या उजेडाकडं वळवलं. झुंबरबाईनं डोळे उघडेच ठेवले. त्यांनी स्वतःच्या गालावर बोट टेकवून दाखवलं. त्यांच्याही गालावर दोन वण होते. त्यांनी शिक्का मारला.

बोटीवर तिला मळमळलं, समुद्र कसा असतो ते नीटसं बघताच आलं नाही. तलैमन्नारच्या धक्क्यावर लुंगी नेसलेला, उन्हानं रापलेला एक माणूस "आक्का" म्हणून वाकला तेव्हा तिला तो आधी ओळखूच आला नाही. ती रडली वगैरे नाही. त्याला उठवून तिनं त्याच्या सदऱ्याची बाही खांद्यापर्यंत वर केली. दंडावर चार गोल खुणा होत्या. तिनं त्यांच्यावरून अंगठा फिरवला आणि मग त्याला जवळ घेतलं.

वस्तीवर पोचेस्तोवर दिवस कलला. रामहरीची बायको दारात वाळूवर मासळी पसरत होती, कळसला अंगणात मिरच्या पसरतात तशी. तिनं पुढं होऊन पडशी घेतली. दोघींना एकमेकींचं बोलणं कळेना, म्हणून दोघी नुसत्या मान हलवत राहिल्या. कुंडलिक समुद्राकडं तोंड करून बसला. त्याचं म्हणणं, एवढं पाणी आणि एक वाफा भिजत नाही.

"आता निवांत ऱ्हा, आक्का," रामहरी म्हणाला. "महिना पडलाय."

झुंबरबाईनं सूर्याकडं पाहिलं.

"त्यातला आजचा गेलाच की," ती म्हणाली.