अदलाबदलीची फेरी

आमच्या क्लबात अंतिम फेरीला घोडे बदलायचे. म्हणजे शेवटी उरलेल्या दोघांनी एकमेकांच्या घोड्यावर बसून अडथळ्यांवरून उड्या मारून दाखवायच्या. ही टूम कोणी काढली ते विचारू नका, पण कारण सरळ होतं. सिल्वासात हौसेने घोडे उडवणारे आम्ही मूठभर. कारखानदार, त्यांची मुलं, दोन-तीन डॉक्टर आणि सरकारी शाळेत खेळ शिकवणारी मी. कुणाचा घोडा रेसकोर्सवरून आणलेला, कुणाचा लग्नाच्या वरातीतून सुटलेला. हरलेला माणूस दरवेळी म्हणायचा, तुझा घोडा भारी म्हणून जिंकलास. मग ठरलं, शेवटी घोडे बदला, म्हणजे माणूस कळेल. सगळ्यांना फार पटलं. मलाही पटलं. घोड्यांना कुणी विचारलं नाही, आणि विचारणार तरी कसं.

जिंकणाऱ्याला कप मिळायचाच, पण खरी ओढ असायची क्लबच्या घोडीची. पुढचं वर्षभर ती विजेत्याकडे राहायची, त्याच्याच तबेल्यात, त्याच्याच हाताखाली. मागची दोन वर्षं ती माझ्याकडे होती. खानवेलच्या रस्त्याला एका ओळखीच्यांच्या वाडीत पत्र्याची शेड घालून मी तिला ठेवलं होतं. शाळा सुटली की स्कूटर थेट तिकडे. ती खानदेशातून आलेली, रंगाने तांबूस, आधी वरातीत नाचणारी. नाचवणाऱ्यांनी लगाम ओढून ओढून तिच्या जबड्याचे कोपरे फाडून ठेवले होते. म्हणून मी लगाम नुसता बोटांत धरायची. खोगिरात जराशी पुढे झुकले की तिला कळायचं आणि ती उडायची. माझा जीव होता तिच्यावर, सरळ सांगते. नवरा म्हणायचा, माझ्याशी कधी बोललीस का गं इतक्या हळू आवाजात?

त्या वर्षी खडोलीचा एक कारखानदार क्लबात आला. सगळे त्याला शेठ म्हणायचे. त्याचा घोडा उंच, काळा, दृष्ट लागावी असा. पण शेठच्या बुटांचा आवाज आला की त्या घोड्याची कातडी थरथरायची. शेठ त्याला मारायचा. रागाने मारला असता तर एक वेळ समजलं असतं, हा सवयीने मारायचा, जिना चढताना लोक कठडा धरतात तसा. खोगीर आवळताना पोटात गुडघा, उडीआधी छडी, उडीनंतर छडी. घोड्याच्या पुठ्ठ्यावर वळांवर वळ उठून तिथले केसच गेले होते. मी एकदा बोलले, तर हसून म्हणाला, टीचर, तुमच्या शाळेत छडी बंद झाली म्हणून तर पोरं बिघडली. घोडी हाताला लागली की तिला आपण कशी सुतासारखी सरळ करणार, हेही तो क्लबभर सांगत फिरत होता. कप गेला खड्ड्यात, मला एवढंच हवं होतं की घोडी त्याच्या हाती जाऊ नये.

आणि अंतिम फेरीत नेमके आम्हीच दोघं उरलो.

पहिली पाळी त्याची, माझ्या घोडीवर. लगाम त्याच्या हातात देताना मी म्हटलं, तोंड नाजूक आहे तिचं, ओढू नका, ती तशीच ऐकते. तो हो हो म्हणाला आणि बसल्या बसल्या लगाम असा खेचला की तिची हनुवटी छातीला टेकली. वरून पोटात टाचा. पुढे जायचं की थांबायचं तेच तिला कळेना. ती जागच्या जागी गरगर फिरली, तशी त्याने छडी काढली. मानेवर, कानामागे, पोटाखाली, हाताला येईल तिथे. ती उडाली, पण चारी पाय वेडेवाकडे फेकत, जीव खाऊन. अडथळ्यांचे तीन दांडे पाडून ती परत आली तेव्हा तोंडाचा फेस गुलाबी झाला होता आणि तिची बुजलेली जुनी जखम पुन्हा उघडली होती.

तीनपेक्षा जास्त फटके मारले की स्वार बाद, हा आमचाच नियम. मी पंचांकडे धावले. पंच म्हणजे आमलीतले एक दातांचे डॉक्टर. ते म्हणाले, मी दांडे बघू की फटके मोजू? आणि बाई, अजून तुमची पाळी व्हायची आहे, आत्तापासून रडीचा डाव बरा दिसत नाही. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण म्हटलं, तोंड वाजवून काय होणार, उडूनच दाखवू.

शेठने घोडा माझ्या ताब्यात दिला आणि वर स्वतःची छडी पुढे केली. "टीचर, हा मारल्याशिवाय उडत नाही. लाजू नका."

मी छडी घेतली. खोटं कशाला सांगू, घोडीसाठी मी तेव्हा काहीही केलं असतं.

सुरुवातीच्या उड्या त्याने सवयीने घेतल्या. मग एका अडथळ्यापाशी अडला. फिरवून आणला तेव्हा गेला. पुढे आणखी एकदा अडला, पुन्हा फिरवून नेला. घोडा अडला काय नि दांडा पडला काय, दंड सारखाच, पण तिसऱ्यांदा अडला की सरळ बाद. आता एकच अडथळा उरला होता. तो पार केला की मी जिंकणार आणि घोडी माझ्याकडे राहणार. कुंपणाबाहेर सगळे ओरडत होते, मार, मार. त्यात माझा नवराही होता.

मी छडी उचलली. ती अजून लागलीही नव्हती, तोच माझ्या मांड्यांखाली तो एवढा मोठा घोडा लटलट कापायला लागला. कान पाडले, पाठ खचवली आणि उभ्या उभ्या मुतला. कुंपणापलीकडे माझी घोडी रक्ताळल्या तोंडाने उभी होती. तिला वाचवायचं तर याला मारायचं. नाही झालं माझ्याच्याने. मी हात खाली घेतला, त्याच्या मानेवर थोपटलं, घोडीशी बोलायचे तसं त्याच्याशी हळू बोलले आणि जराशी पुढे झुकले. तो निघाला. दांड्यापर्यंत चांगला आला. तिथे थांबला. घंटा वाजली आणि मी बाद झाले.

म्हणजे शेठ जिंकला. त्याचा घोडा अडला म्हणूनच जिंकला. पण माणूस बघा, सगळ्यांसमोर आपला घोडा अडला याचाच त्याला संताप. मी उतरते न उतरते तोच धावत आत आला, लगाम हिसकला आणि घोड्याच्या नाकाडावर बुक्के मारायला लागला. छडी माझ्याकडे राहिली होती, म्हणून त्याने अडथळ्याचा दांडाच उपसला आणि मागच्या पायावर घातला. हाडावर लाकूड बसल्याचा आवाज आला. घोडा केविलवाणा किंचाळला. क्लबातले सगळे बघत उभे होते, पंचांच्या हातात घंटा तशीच होती.

माझं टाळकं सटकलं. मी ती छडी शेठच्या थोबाडावर ओढली. मग परत ओढली. दुसऱ्या फटक्याला गाल फाटला. तो हाताने तोंड झाकून खाली बसला तरी मी मारतच होते. नवऱ्याने कमरेला मिठी घालून मला मागे ओढलं तेव्हा छडीचे दोन तुकडे झालेले होते.

समिती तिथेच खुर्च्या टाकून बसली. मला क्लबातून कायमचं काढलं. पोलिसांत जायचं का, यावर बोलणं निघालं, तर शेठ गालावर रुमाल दाबून म्हणाला, जाऊ द्या हो, हरल्यावर होतं असं माणसाचं. टाळ्या पडल्या. जिंकल्याचा कप त्याचा होताच, खिलाडूवृत्तीचाही त्यालाच दिला. तुम्हाला वाईट नाही का वाटत, असं मला अजून लोक विचारतात. वाटतं ना. मेल्याला आणखी चार ठेवून द्यायला हव्या होत्या, असं वाटतं.

क्लबातून काढलं तरी रिवाज चुकला नाही. हरलेल्याने घोडी आपल्या हाताने नेऊन द्यायची. दुसऱ्या दिवशी मी तिला चालवत खडोलीला नेलं. वाटेत तिने दोनदा माझ्या खांद्याला नाक घासलं, रक्ताचा डाग पडला. शेठच्या तबेल्यात काळा घोडा तीन पायांवर उभा होता. मला पाहून तो मागे मागे सरत भिंतीला टेकला. माझ्या हातात छडी पाहिली होती ना त्याने.

घोडी दारातच अडली. आतला वास घेऊन तिने नाकपुड्या फुगवल्या, पाय रोवले. शेठ बाहेर आला, गालाला टाके, हातात नवी छडी. म्हणाला, "सोडा टीचर, मी घेतो आत."

"थांबा," मी म्हटलं. "मारू नका. मी आणते."

मी दोरी बोटांत सैल धरली, तिच्या कानाशी हळू बोलले आणि आधी स्वतः आत पाऊल टाकलं. ती लगेच माझ्यामागे आली. एकही फटका न खाता आली. मी वळून दोरी शेठच्या हातात दिली.