माणूस पुरा दिसला पाहिजे

"माणूस पुरा दिसला पाहिजे." दुकानाच्या पायरीवर चपला काढता काढताच मावशी सांगायच्या. चपला काढायची गरज नाही, हे मी त्यांना कितीदा तरी म्हणाले असेन. त्या ऐकून घ्यायच्या, चपला काढायच्या आणि आत येऊन कॉम्प्युटरच्या पडद्यावर खाली बोट टेकवायच्या. "इथं पाय हायेत ना त्याचे? कापले तर न्हाईत?"

छावणीच्या बाजारात माझं डिझाइनचं छोटं दुकान आहे. साडीवाले, केटरर, क्लासवाले यांच्यासाठी मी मोबाइलवर टाकायच्या पोस्ट बनवते. बोटानं सरकवत एकामागून एक चित्रं बघायची, तशा. मावशी मागच्या गल्लीत राहायच्या आणि मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाक करायच्या. माझ्याकडे त्यांचं काय काम, असं तुम्हालाही वाटेल. त्यांचा धाकटा भाऊ बापू सिल्लोडच्या बाजारातून हरवला होता. पन्नाशी उलटलेला माणूस. ऐकू यायचं, पण जन्मापासून वाचा नव्हती आणि अक्षरओळखही नव्हती. कुणी पत्ता विचारला तरी तो सांगणार काय?

पोलिसांत तक्रार देऊन झाली होती. "त्याला तोंड न्हाई," मावशी म्हणाल्या, "आता फोटोच बोलंल."

आणि फोटोही एकच. भाचीच्या लग्नातला, आडवा. मधे नवरा-नवरी, दोन्ही बाजूंना पाहुणे आणि अगदी उजव्या टोकाला बापू. त्याच्या दंडाला धरून उभ्या मावशी.

माझ्याकडे येण्याआधी भाचीनं तो घाईघाईनं स्वतःच्या मोबाइलवरून टाकला होता. ॲपनं तो चौकोनात बसवताना दोन्ही कडा कापल्या. वर लिहिलं होतं, 'हे गृहस्थ हरवले आहेत', आणि मधोमध हसत उभा होता तो नवरदेव. दोघांनी फोन करून कळवलं, की माणूस सुखरूप आहे, बायकोला घेऊन गाडीवर फिरतोय.

"जावई दोनदा सापडला, ताई," मावशी मला सांगताना हसायला लागल्या. हसता हसता पदर तोंडाशी गेला आणि मग तो बराच वेळ खाली आलाच नाही.

मी त्यांना समजावलं. एकापाठोपाठ चित्रं टाकली, की पहिल्या चित्राचं जे माप, त्याच मापात पुढची सगळी कापली जातात. चौकोनात उभा माणूस बसवायचा, तर तो बारका होतो, नाही तर त्याचं डोकं जातं किंवा पाय जातात. म्हणून सगळी चित्रं उभीच घेऊ. एक हजार ऐंशी पिक्सेल रुंद, साडेतेराशे उंच.

मावशींनी मान डोलावली. "म्हंजे पहिल्याच्या भांड्यात सगळ्यांनी मावायचं. मग पहिलं भांडंच उंच घ्या."

आमचं भांडण झालं ते चेहऱ्यावरून. माझं म्हणणं, पहिल्या चित्रात चेहरा मोठा हवा. मी तो मोठा केला, तर तो फुटला, नुसते ठिपके दिसायला लागले.

"हा कोण?"

"बापूच आहे, मावशी."

"न्हाई. हे डाग हायेत. बापू असा उभा राहतो." आणि त्या दुकानात मधोमध उभं राहून दाखवायला लागल्या. एक खांदा खाली, मान किंचित कलती. झेरॉक्स काढायला आलेला माणूस बघतच राहिला.

शेवटी पहिल्या चित्रात बापू पुरा उभा राहिला. लग्नाच्या फोटोतून कापून घेतला, तरी दंडावर मावशींची बोटं उरलीच. मी म्हणाले, "एवढा हात पुसून टाकते."

"राहू द्या. कुणी त्याला मोबाइल दाखवला तर? सोताचं तोंड तो आरशात कवा बघतो? माझा हात मात्र वळखंल."

शेवटच्या चित्रावर फोन नंबर टाकायचा होता. मी माझाही टाकते म्हणाले. मावशींनी साफ नकार दिला. कुणी बापूच्या कानाला फोन लावला, तर पलीकडून आवाज त्यांचाच यायला हवा होता. तेव्हापासून कुणाचाही फोन आला, की त्या आधी म्हणायच्या, "बापू, मी हाय रे." कर्ज हवंय का विचारणाऱ्या एका मुलीलाही त्यांनी हेच ऐकवलं. ती बिचारी गोंधळून "सॉरी मॅडम" म्हणाली.

पोस्ट लांबवर गेली. एक दिवस दौलताबादहून फोन आला. किल्ल्याच्या पायथ्याला पेरूवाल्यांच्या रांगेत एक मुका माणूस बसलेला असतो म्हणून. आम्ही दोघी माझ्या स्कूटीवर गेलो. तो पाठमोरा बसला होता, एक खांदा खाली. मावशी स्कूटी थांबायच्या आत उतरल्या आणि धावल्या. त्यानं वळून बघितलं.

बापू नव्हता.

मावशी उरलेलं अंतर चालत गेल्या. मग त्याच्या शेजारी जमिनीवर बसल्या. पेरू घेतला, फोडून मीठ लावलं आणि त्याच्या हातावर ठेवला. तो खायला लागला. त्याच्याकडे बघतच त्या मला म्हणाल्या, "याचाबी काढा. उभा काढा. पुरा."

मी काढला. त्याच मापात, तशीच पोस्ट बनवली. आठवड्याच्या आत जळगावकडून त्याची माणसं आली. त्याची म्हातारी आई मावशींच्या गळ्यात पडली आणि सोडेचना. मावशी तिच्या पाठीवरून हात फिरवत, "बरं झालं, लई बरं झालं," म्हणत होत्या.

ती मंडळी गेल्यावर त्या माझ्या दुकानात येऊन बसल्या. चहा निवून गेला.

"ताई, त्याचं तर सगळं तुम्ही घाईत केलं."

"हो."

"मग आपलंच माप कुठं चुकलं?"

माप बरोबर होतं. मी पुन्हा पुन्हा तपासलं होतं. पण हे त्यांना सांगून काय उपयोग होता? मी कप उचलून ठेवले.

त्यानंतरही त्या येत राहिल्या. ॲपमध्ये काही बदललं असं वसतिगृहातल्या मुलींकडून कळलं, की विचारायला यायच्या, पोस्ट नीट दिसते ना म्हणून. मी उघडून दाखवायची. मग गेल्या हिवाळ्यात मावशी झोपेतच गेल्या. मुक्कामाला आलेल्या भाचीनं पहाटे हाक मारली, तर ओ आली नाही. त्यांचा फोन उशाशी चार्जिंगला लावलेला होता.

पुढं काही दिवसांनी त्यांचा नंबर बंद झाला. मी भाचीचा आणि माझा नंबर घालून नवी पोस्ट केली. ती फार कुठं गेली नाही. जुनीच फिरत राहिली, या ग्रुपमधून त्या ग्रुपमध्ये. एकदा बाहेर पडलेल्या चित्रातलं अक्षरही बदलता येत नाही.

परवा कामासाठी सिल्लोडला गेले होते. एसटीत शेजारी बसलेल्या एका वयस्कर गृहस्थांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. "बघा हो ताई, बिचारा हरवलाय. तुमच्याकडच्या लोकांना पाठवा की."

पडद्यावर बापू उभा होता. पुरा.

मी त्यांना सांगितलं, की शेवटच्या चित्रातला नंबर आता लागत नाही. ज्यांचा होता, त्या राहिल्या नाहीत.

"मग यात बदलून टाका ना."

"बदलता येत नाही, काका."

त्यांनी चित्रं पुढे सरकवली, मागे आणली, पुन्हा पुढे नेली. मग मोबाइल मांडीवर ठेवला, खिशातलं पेन काढलं आणि हलत्या गाडीत, एक एक आकडा विचारत, माझा नंबर स्वतःच्या तळहातावर लिहून घेतला.