उलट्या दाराचं कपाट

आमच्या घरात धड असं एकही सामान नव्हतं. कपाटाचं दार भिंतीकडे उघडायचं, म्हणून कपडे काढायला हात वाकडा करून आत घालावा लागे. जेवणाच्या टेबलाचा एक पाय आखूड; पातळ काही वाढलं की ते बाबांच्या दिशेने धावायचं. पाहुणे म्हणायचे, "सुताराच्या घरी हे असं?" आई म्हणायची, "सुताराचं घर आहे म्हणूनच."

बाबांचा नियमच तसा होता. चूक गिऱ्हाइकाकडे जात नाही, आपल्या घरी येते. ज्याने काम बिघडवलं त्याने ते नव्याने करून द्यायचं आणि बिघडलेलं घरात वापरायचं. टेबल बाबांच्याच उमेदवारीतलं. उलट्या दाराचं कपाट, डुगडुगणारं स्टूल आणि तिरका आरसा, तिन्ही ताईची कर्तबगारी. माझं एकही नाही, आणि हे मी जेवताना सगळ्यांना वरचेवर ऐकवायचो.

ताई माझ्याहून मोठी, पण धंद्यात उशिरा आली. आधी दोन वर्षं ती फर्निचरच्या एका मोठ्या दुकानात तक्रारींच्या टेबलावर बसायची. लोक मोडकं सामान घेऊन यायचे आणि तिने एकच वाक्य म्हणायचं: "वापरताना काळजी घ्यायला हवी होती." एक दिवस हाताला प्लास्टर घातलेल्या एका म्हाताऱ्या बाई आल्या. खुर्चीसकट पडल्या होत्या. ताईने त्यांनाही तेच वाक्य ऐकवलं, घरी येऊन ढसाढसा रडली आणि बाबांना म्हणाली, "उद्यापासून मी तुमच्याकडे काम शिकणार." तळहाताला फोड आले. चिंधी बांधून ती रंधा मारत राहिली. मी म्हणालो, चार दिवसांचं खूळ आहे. त्याला दहा वर्षं झाली.

मग बाबांचे हात थरथरायला लागले. एक दिवस ते आम्हा दोघांना म्हणाले, "वाचनालयाच्या बारा खुर्च्या आहेत. सहा-सहा करा, शुक्रवारी पोचवा. मग कारखान्याची किल्ली कुणाला द्यायची ते सांगतो."

किल्ली माझीच, असं मी धरून चाललो होतो. ताईला ती जिवापाड हवी होती. त्या आठवड्यात ती जेवायलासुद्धा उभ्याउभ्याच येऊन जायची.

गुरुवारी दुपारी तिच्या सहाव्या खुर्चीच्या पायाला खाच भलत्याच बाजूला पडली. लाकूड संपलेलं. ती मटकन खाली बसली. मला खरंच तिची दया आली.

"भुसा भर, सरस लाव, वरून पॉलिश मार," मी म्हणालो. "कुणाच्या बापाला कळणार नाही."

"बसणाऱ्याला कळेल," ताई म्हणाली. डोळे पुसून तिने पाय सुटा केला आणि नवं लाकूड सांगायला गेली.

माझ्या चौथ्या खुर्चीच्या पायाला तडा होता. पॉलिश चढल्यावर तो मलासुद्धा सापडेना.

शुक्रवारी माझ्या सहा गेल्या, तिच्या पाच. सगळ्यांसमोर ग्रंथपालांची बोलणी खाऊन ती म्हणाली, "सहावी सोमवारी देते." घरी येऊन मी आखूड पायाच्या टेबलाशी ऐटीत बसलो. बाबांनी किल्ली काढली आणि ताईच्या पुढ्यात ठेवली.

मी उसळलो. "हिच्या चुकांनी घर भरलंय! माझी एक तरी आहे का इथं?"

बाबांनी खोलीभर नजर फिरवली. आवाज अजिबात चढवला नाही.

"तेच विचारतोय मी. पंधरा वर्षं काम करतोयस. तुझ्या गेल्या कुठं?"



सोमवारी ताई सहावी खुर्ची घेऊन निघाली, तसा मीही तिच्या मागे गेलो. वाचनालयातून माझी चौथी खुर्ची उचलली. ग्रंथपालांनी विचारलं, "हिला काय झालंय?"

"माझी चूक झाली. नवी आणून देतो."

घरी ताईने उलट्या दाराचं कपाट जरा सरकवून खुर्चीला जागा केली. मग एक कोरी वही माझ्यापुढे टाकली.

"आता आठवतील तेवढी घरं लिही. एकेक करून सगळीकडे जाऊ."

मी लिहायला बसलो. त्याच खुर्चीवर, अंग चोरून.